कर्ता पाचातला एक

आमच्या फॅमिली ग्रुपवर दैव मोठं की प्रयत्न हा वाद अधूनमधून पेटतोच. ह्यावेळी निमित्त पुतण्याच्या नीटचं, सीट थोडक्यात हुकली, त्यावर काका म्हणाले 'ठेविले अनंते तैसेचि राहावे', लगेच आतेभाऊ 'यत्न तो देव जाणावा' घेऊन आला, म्हणजे तुकोबा विरुद्ध समर्थ, आणि मग रात्रभर मेसेज. पोराला मेडिकल करायचंय का हे कोणीच विचारलं नाही हं.

मी नेदरलँड्समध्ये राहतो, इथे बरोबर उलटं. ऑफिसात काहीही झालं की चॉइस तुझा, जबाबदारी तुझी, विषय संपला. गंमत म्हणजे ह्याच देशात कोण तरणार हे देवाने आधीच ठरवलंय का ह्यावर डोर्ड्रेख्टला 1618-19 मध्ये महिनोन्महिने धर्मसभा चालली, माणसाच्या निवडीलाही वाव आहे म्हणणाऱ्या आर्मिनियसच्या बाजूच्या धर्मगुरूंना पदावरून काढलं आणि त्यांची पाठराखण करणाऱ्या ओल्डेनबार्नेवेल्ट ह्या बड्या मुत्सद्द्याचं मुंडकं उडवलं (राजकारणही होतंच त्यात म्हणा).

आपल्याकडे असा एकच निकाल कधी लागला नाही, हे मला तरी बरं वाटतं. गीतेचा अठरावा अध्याय बघा. 61व्या श्लोकात ईश्वर सगळ्यांना यंत्रावर बसवल्यासारखं फिरवतो म्हणतात आणि दोनच श्लोकांनंतर तोच कृष्ण अर्जुनाला सांगतो, नीट विचार कर आणि मग तुला वाटेल तसं कर. आता फिरवणारा तो असेल तर विचार कोणी करायचा? पण त्याआधी 14व्या श्लोकात कुठल्याही कर्माची पाच कारणं दिलीत: अधिष्ठान म्हणजे शरीर, कर्ता, करणं म्हणजे साधनं, वेगवेगळ्या हालचाली आणि पाचवं दैव. म्हणजे दैव आहे, पण पाचातलं एक. आणि 'मी'सुद्धा पाचातला एकच! काका आणि माझा डच मॅनेजर, दोघांचीही पंचाईत.

देवच करवतो तर पाप माझ्या माथी का, हा प्रश्न ब्रह्मसूत्रांत, म्हणजे वेदान्ताच्या पायाभूत ग्रंथातही आहे. उत्तर असं की ईश्वर जीवाच्या प्रयत्नांकडे बघून करवतो, नाहीतर शास्त्रातल्या 'हे कर, ते करू नको'ला अर्थच उरत नाही. शंकराचार्य पावसाचा दाखला देतात, पाऊस सगळ्यांना सारखा, रोप बीजाप्रमाणे. मला हे अर्धंच पटतं, कारण बी कुठून आलं विचारलं की मागच्या कर्मातून, ते त्याच्याही मागच्या, आणि शेवटी संसार अनादि. अनादि म्हटलं की वाद थांबतो, उत्तर काही मिळत नाही. टिळकांनी मंडालेच्या तुरुंगात गीतारहस्य लिहिताना कर्मविपाक (कर्माचं फळ) आणि आत्मस्वातंत्र्य ह्या जोडीला एक अख्खं प्रकरण दिलं ते उगाच नाही, सहा वर्षांच्या शिक्षेत बसून आत्मा स्वतंत्र आहे असं लिहायला दम लागतो राव.

पण हे पाचाचं गणित सगळ्यात जास्त गरजेचं आहे ते आम्हा परदेशातल्या मंडळींना. इथे जमलो की प्रत्येकजण 'स्वतःच्या हिमतीवर' आलेला असतो. आईबापांनी काढलेलं कर्ज, नेमक्या त्या वर्षी सैल असलेले व्हिसाचे नियम, कोणीतरी पुढे सरकवलेला सीव्ही, ह्यातलं काहीच दैवाच्या खात्यात टाकायला कोणी तयार नसतं. ले-ऑफ झाला की मात्र दुसऱ्या दिवशी साडेसाती.