शोमरोन्याचा दाखला विटाळाविरुद्ध नाही

येशूने सांगितलेल्या चांगल्या शोमरोन्याच्या दाखल्यात (बोधकथेत) यरुशलेमहून यरीहोला निघालेल्या एकाला लुटारू मारून टाकून जातात. याजक (मंदिरातला पुरोहित) आणि लेवी (मंदिरातला सेवक) त्याला टाळून जातात; यहुद्यांशी वैर असलेल्या शोमरोनी समाजातला एक जण मात्र त्याच्या जखमांना तेल लावतो, त्याला आपल्या जनावरावर बसवून उतारशाळेत नेतो. या दाखल्याविषयी एक मजकूर पुन्हापुन्हा फिरतो: ‘लुटारूंनी अर्धमेला केलेल्या वाटसरूला याजक आणि लेवी टाळून गेले, कारण यहुदी नियमशास्त्रात प्रेताचा विटाळ होता. येशूने त्या निर्दय कर्मकांडावर घाव घातला.’ सोवळं-ओवळं आपल्या ओळखीचं, म्हणून हे चटकन पटतं. पण बायबलमधल्या लूकच्या शुभवर्तमानाच्या दहाव्या अध्यायातल्या या दाखल्यात विटाळाचा शब्दही नाही.

म्हणे याजकाला मंदिरसेवेसाठी शुद्ध राहायचं होतं. लूक सांगतो, तो त्या वाटेने खाली उतरत होता. यरुशलेम डोंगरावर, यरीहो समुद्रसपाटीच्याही खाली. म्हणजे मंदिर त्याच्या पाठीमागे होतं. मोशेच्या नियमशास्त्रातल्या ‘लेवीय’ ग्रंथाच्या २१व्या अध्यायातलं प्रेताच्या विटाळाचं बंधन तर अहरोनाच्या मुलांना, याजकांना आहे. लेव्याला ते नव्हतंच. शिवाय पडलेला माणूस जिवंत होता!

तो मेलेला असता तरी? इ.स. २००च्या सुमारास संकलित झालेल्या मिश्ना या यहुदी धर्मनियमांच्या संग्रहात एक वाद आहे: महायाजक आणि नाझीर (प्रेतापासून दूर राहण्याचं व्रत घेतलेला) वाटेने चाललेत, बेवारस प्रेत दिसलं, तर दोघांपैकी कोणी विटाळ पत्करून पुरावं? पुरावं की नाही, हा प्रश्नच तिथे नाही.

‘कर्मकांड विरुद्ध प्रेम’ ही मांडणीही टिकत नाही. ‘शेजाऱ्यावर स्वतःसारखी प्रीती कर’ हे वचन, ज्याच्या प्रश्नावर येशू हा दाखला सांगतो तो नियमशास्त्राचा जाणकार शास्त्रीच म्हणतो, आणि ते लेवीय १९:१८ मधलं. शोमरोनीही मोशेचे पाच ग्रंथ मानत, म्हणजे शुद्धीचे नियम त्यालाही होतेच.

मग ऐकणारे दचकले कशाने? याजक, लेवी, मग इस्राएली (सामान्य यहुदी), असा क्रम त्यांच्या कानात बसलेला. तिसरा आला शोमरोनी! गरिज्जीम डोंगरावरचं शोमरोन्यांचं मंदिर यहुदी शासक हिर्कानसने इ.स.पू. दुसऱ्या शतकात पाडलं होतं. पुढे शोमरोन्यांनी यरुशलेमच्या मंदिरात मेलेल्यांची हाडं टाकल्याचं पहिल्या शतकातला यहुदी इतिहासकार जोसेफस लिहितो. लूकच्या नवव्याच अध्यायात एक शोमरोनी गाव येशूला थारा देत नाही. वैर ताजं होतं, दोन्हीकडून.

या वैरावरचा उताराही त्या यहुदी ऐकणाऱ्यांच्याच शास्त्रात होता, आणि मला वाटतं येशूच्या मनात तोच असावा. त्यातल्या ‘२ इतिहास’ ग्रंथाच्या २८व्या अध्यायात शोमरोनचे लोक यहूदा राज्याच्या कैद्यांना वस्त्रं देतात, तेल लावतात, थकलेल्यांना गाढवांवर बसवतात आणि पोहोचवतात कुठे, तर यरीहोला.