वर्गाच्या भिंती भरल्या म्हणून पोरं शिकत नाहीत

‘आदर्श वर्गखोलीचे पाच नियम’ हा मेसेज सध्या बेळगाव-खानापूरकडच्या शिक्षकांच्या ग्रुपांवर फिरतोय. दुर्लक्ष केलं असतं, पण माझी भाची खानापूर तालुक्यातल्या एका सरकारी मराठी शाळेवर अतिथी शिक्षिका आहे. तो मेसेज खरा मानून तिनं पदरचे पैसे घालून तक्ते आणले. आता एसडीएमसी, म्हणजे शाळेची पालकांची समिती, पालकांकडून वर्गणी काढायच्या बेतात आहे. म्हणून लिहितेय.

‘भिंतीचा एक इंचही मोकळा नको, मुलं नुसतं बघूनही शिकतात.’ पाचांतला सगळ्यात घातक नियम हाच. अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठात ॲना फिशर आणि सहकाऱ्यांनी नेमकं हेच तपासलं. त्यांचा निबंध 2014 साली ‘सायकॉलॉजिकल सायन्स’मध्ये आला. बालवर्गातल्या मुलांना काही पाठ तक्त्यांनी भरलेल्या खोलीत दिले, काही मोकळ्या भिंतींच्या खोलीत. भरलेल्या खोलीत 38.6 टक्के वेळ मुलांचं लक्ष भलतीकडेच होतं, मोकळ्या खोलीत 28.4 टक्के. चाचणीत बरोबर उत्तरं भरलेल्या खोलीत 42 टक्के, मोकळ्या खोलीत 55. मुलं थोडी होती आणि लहान होती, हे मान्य. पण आपल्याकडे तक्त्यांची गर्दी पहिली-दुसरीच्याच खोलीत असते की!

शिवाय हे तक्ते लावायचे कुठं? भाचीनं फोटो पाठवला. भिंत पुरली नाही म्हणून एका खिडकीवर फळांचा तक्ता, दुसरीवर शरीराच्या अवयवांचा. खानापूरकडचा आषाढ ज्यांनी पाहिलाय त्यांना सांगायला नको. कौलारू खोलीत भर दुपारी अंधारून येतं, करंट गेलेला असतो, आणि जो काही उजेड असतो तो खिडकीतूनच. तोच अडवला तर मागच्या पोराला फळ्यावरचं अक्षर दिसणार कसं? आणि ओल आलेल्या भिंतीवर कागदाला बुरशी धरते, ते वेगळंच.

चालू पाठाचा एक तक्ता लावा, पाठ संपला की उतरवा. भिंत वापरायचीच असेल तर नली-कलीच्या (कर्नाटकातल्या सरकारी शाळांत लहान वर्गांना कृतीतून शिकवायची पद्धत) खोल्यांसारखे पोरांच्या उंचीचे काळे फळे खाली रंगवून घ्या. तिथं पोरं स्वतः लिहितात.

‘बाक यू आकारात लावा, शेवटचा बाकच नको.’ 2025 साली केरळातल्या शाळांत एका मल्याळम सिनेमावरून ही टूम निघाली. यात तथ्य आहे, नाही म्हणत नाही. गोष्ट सांगताना, चर्चेला गोल बसवलेलं चांगलंच. पण गणितं सोडवताना दोन्ही बाजूंची पोरं मान वळवून फळा बघत बसतात. आणि जिथं एकाच खोलीत दोन इयत्ता आहेत, तिथं यू कसला घालणार? समोरासमोरच्या भिंतींवर दोन फळे आणि दोन्ही वर्ग पाठीला पाठ, हेच तिथं चालतं.

‘पूर्वेकडं तोंड केलं की स्मरणशक्ती वाढते.’ कशाच्या जोरावर म्हणे? सकाळच्या शाळेत पूर्वेला खिडकी असली तर डोळ्यांवर ऊन येतं, एवढंच. दिशा बघायची तर उजेडाची बघा. तो डाव्या बाजूनं आला की उजव्या हातानं लिहिणाऱ्याच्या वहीवर सावली पडत नाही. डावखुऱ्या पोराला उलट बाजूला बसवा.

चौथा नियम म्हणे बाईंचं टेबल मधोमध उंच कट्ट्यावर हवं. नको. बाईंनी बाकांमधून फिरायचं असतं. आणि पाचवा, काळ्या फळ्याऐवजी व्हाइटबोर्ड. तो घेतला तर दर महिन्याला मार्कर कोण भरणार?

एसडीएमसीला वर्गणी काढायचीच असेल तर पावसाआधी छपरावर चार काचेची कौलं बसवा, आणि उरलेल्या पैशात दोन्ही फळ्यांना काळा रंग द्या.