डिझेलला थ्रॉटल असतो का? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार काका,

डिझेल गाडी रेस का घेत नाही, या माझ्या लेखावर तुम्ही तीन गोष्टी लिहिल्यात. पहिली, डिझेलला थ्रॉटल (इंजिनात जाणाऱ्या हवेच्या वाटेतली झडप) नसतोच, तो पेट्रोलचा प्रकार. दुसरी, स्कॅनर (गाडीच्या कॉम्प्युटरमधले बिघाडाचे कोड वाचणारं यंत्र) हातात आला म्हणून कोणी मिस्त्री होत नाही. तिसरी, घरी स्प्रे मारायला सांगून मी लोकांच्या गाड्यांचं वाटोळं करतोय. इंदूरच्या सुदामानगरात तीस वर्षं डिझेल पंप-नोजलचं काम केलेल्या माणसाचं हे म्हणणं आहे, म्हणून सवडीने आणि नीट उत्तर देतोय.

तिसऱ्यापासून सुरू करतो, कारण तिथे तुम्ही पूर्ण बरोबर आहात आणि माझी चूक धोक्याची होती. मी ‘थ्रॉटल बॉडी (ही झडप ज्यात बसते तो भाग) स्प्रेने साफ करा’ एवढंच लिहिलं. बॉडी उतरवून, गाडीपासून लांब, हे लिहायचं राहिलं. पेट्रोल गाडीत चालू इंजिनात स्प्रे मारताना लोक पाहतात. तेच कोणी डिझेलमध्ये केलं तर तो स्प्रे म्हणजे इंधनच. इंजिनाला हवा भरपूर मिळत असते, दाब जबरदस्त असतो, त्यात हे न मोजलेलं जळण. मग चावी बंद केली तरी इंजिन फिरतच राहू शकतं, आणि किती फिरेल यावर कोणाचा ताबा नाही. ही सूचना आज मी लेखात अगदी वर घातली आहे. सोबत आणखी एक: झडप बोटाने किंवा स्क्रूड्रायव्हरने ढकलायची नाही. मागे मोटर आणि बऱ्याचदा प्लास्टिकचे गिअर असतात. एक दात तुटला की चांगली बॉडी भंगारात जाते. तुम्ही खडसावलंत म्हणून हे वेळेत दुरुस्त झालं, त्याबद्दल मनापासून आभार.

आता पहिला मुद्दा. डिझेलची ताकद हवा अडवून कमी-जास्त होत नाही, डिझेल किती फवारलं यावर ठरते, हे सोळा आणे खरं. तुमच्या काळात पेडलची केबल सरळ पंपाला जायची. (तेव्हाही काही पंपांना व्हॅक्यूम गव्हर्नर (हवेच्या ओढीवरून डिझेल कमी-जास्त करणारा भाग) असे आणि त्यासाठी हवेच्या वाटेत झडप असे, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक असेल.) पण कॉमन रेलच्या, म्हणजे कॉम्प्युटरच्या हुकमाने डिझेल फवारणाऱ्या, बऱ्याच गाड्यांत हवेच्या वाटेवर इलेक्ट्रिक झडप बसवलेली असते. तिचं काम वेगळं. ती थोडी मिटली की आत ओढ तयार होते आणि ईजीआरमधून, म्हणजे धूर परत आणणाऱ्या वाटेने, जळका धूर इंजिनात खेचला जातो. चावी बंद केली की ती पूर्ण मिटते, म्हणून इंजिन गचके न देता थांबतं. प्रदूषणाचे बीएस-६ नियम आल्यापासून, म्हणजे एप्रिल २०२० पासून, डीपीएफमधली (धुरातली काजळी अडवणाऱ्या गाळणीतली) काजळी जाळताना सायलेन्सरकडे जाणारा धूर जास्त गरम करायलाही ती कामी येते. एरवी गाडी जोर लावत असते तेव्हा ती सताड उघडी असते.

म्हणूनच ही झडप अर्धवट मिटून अडकली की डिझेल गाडी दम टाकते आणि मागून काळा धूर येतो. अडकते कशाने, तर ईजीआरची काजळी आणि ब्रीदरमधून (इंजिनातली वाफ बाहेर सोडणाऱ्या नळीतून) येणारी तेलाची वाफ यांच्या मिश्रणाने. माझ्या २०१२च्या गाडीची बॉडी उतरवली तेव्हा आतून डांबर फासल्यासारखी होती. बोट फिरवलं तर नखात काळा लोण्यासारखा लगदा आला. आणि इथे तुमचा कानच कामाचा: चावी बंद केल्यावर झडपेचा बारीक ‘खट्’ ऐकू येतो का? इंजिन थांबताना अंग झटकल्यासारखी गाडी हलते का? एवढ्यावरून निम्मा अंदाज येतो, स्कॅनरही लागत नाही.

पण माझ्या गाडीचं दुखणं तिथे नव्हतंच, आणि लेख लिहायला मी त्याच कारणाने बसलो होतो.

गेल्या पावसाळ्यात आईला महेश्वरला नेलं होतं. परत येताना धामनोद सोडलं आणि गणपती घाटाच्या चढावर गाडीने रेस घेणं बंद केलं. पेडल तळाला टेकलेलं, आरपीएमचा काटा बाराशेवर. मागे ट्रकांची रांग, आई गप्प. बाजूला घेऊन चावी बंद करून परत लावली की दोन किलोमीटर ठीक, मग पुन्हा तेच. इंदूरला एका गॅरेजमध्ये स्कॅनर लावला, कोड आला पी २१३८. त्या कोडचं नाव सुरूच होतं ‘थ्रॉटल/पेडल’ या शब्दांनी. त्यांनी पहिला शब्द वाचला आणि थ्रॉटल बॉडी बदलली. अठरा हजार गेले, तिसऱ्या दिवशी गाडी पुन्हा बसली.

त्या कोडचा खरा अर्थ एवढाच की पेडलकडून येणारे दोन सिग्नल एकमेकांशी जुळत नाहीत. पेडलमध्ये मुद्दाम दोन सेन्सर असतात, म्हणजे एकाने खोटं सांगितलं तर दुसऱ्यावरून ते पकडता यावं. माझ्या गाडीत पाय वर असताना एका वायरीवर ०.७६ व्होल्ट, दुसरीवर बरोबर निम्मे, ०.३८. पेडल दाबत जाल तसे दोन्ही वाढले पाहिजेत आणि हे दुप्पट-निम्म्याचं नातं शेवटपर्यंत टिकलं पाहिजे. कनेक्टरच्या मागून टाचणी घालून मी डिजिटल मीटरने तासभर मोजलं, सगळं ठीक दिसलं. मग बाबांचा जुना काट्याचा मीटर काढला. पहिल्या वायरीवर काटा सरळ वर गेला. दुसरीवर पाव पेडलपाशी काटा दचकला, खाली गेला, सावरला. तीन-चारदा तसंच, त्याच जागी. डिजिटल मीटर आकडा बदलेपर्यंत तो झटका होऊन गेलेला असे. शहरातल्या ट्रॅफिकमध्ये पाय दिवसभर पाव पेडलवरच असतो, त्यामुळे आतली कार्बनची पट्टी नेमकी तिथेच झिजली होती. इंदूरच्या छोट्या ग्वालटोलीतून पेडल आणलं, दोन नट, एक कनेक्टर, पंधरा मिनिटांचं काम.

म्हणून दुसऱ्या मुद्द्यावर मी तुमच्याशी भांडणार नाही. स्कॅनर कुठे बघायचं ते सांगतो, काय बदलायचं ते सांगत नाही. माझा राग स्कॅनरवर नाही, न मोजता पार्ट बदलण्यावर आहे. रेस घेत नाही म्हणून आलेल्या गाडीत आधी फुकटच्या गोष्टी बघाव्यात: टर्बोच्या होजवर तेलाचा ओला डाग आणि चीर, पावसाळ्यात डिझेल फिल्टरखाली साठलेलं पाणी, आणि ब्रेक लाइटचा स्विच. तो अडकला तर बऱ्याच गाड्यांत इसीयूला (इंजिनाच्या कॉम्प्युटरला) वाटतं की ब्रेक दाबलेला आहे, आणि तो रेस तोडतो. रात्री गाडी भिंतीला पाठ करून उभी करा. ब्रेकवर पाय नसताना भिंत लाल दिसली तर चोर सापडला.

जुनं पेडल मी फेकलेलं नाही. उघडलं तर पट्टीवरची झिजलेली रेघ नुसत्या डोळ्यांनी दिसते. तुमची हरकत नसेल तर रविवारी ते आणि उतरवलेली बॉडी दोन्ही घेऊन येतो. झडप कुठे बसते ते तुम्हाला हातात धरून बघता येईल, आणि जुन्या पंपासाठी असलेली ती व्हॅक्यूमची झडप कशी सेट करायचे ते मला तुमच्याकडून शिकायचं आहे.