‘सीएम’कडचं खातं गेलं तेव्हा

गणित शिकवण्यातलं सुख हे, की विषय अपडेट होत नाही. फ्रेंच गणिती फूरियेने १८२२ साली पुस्तकात मांडलेली साइन-कोसाइन तरंगांची श्रेणी आजही तशीच बेरजेला बसते. बिघडतं ते तिचा आलेख काढणारं सॉफ्टवेअर, आणि तेही नेमकं तासाच्या आदल्या संध्याकाळी.

आमच्या विभागात या श्रेणीतली पदं मिळवत चौरस तरंगाचा आलेख काढणारा एक प्रोग्रॅम आहे. निवृत्त झालेल्या सरांनी लिहिलेला, कपाटाच्या किल्लीसारखा हातोहात माझ्यापर्यंत आलेला. इतकी वर्षं बिचारा मुकाट चालला. सुट्टीत लॅबमधल्या मशिन्सवर पायथन ही प्रोग्रॅमिंगची भाषा, तिच्यातलं आकडेमोडीचं नमपाय, आलेखांचं मॅटप्लॉटलिब, सगळं नवंकोरं बसवलं गेलं आणि त्याने अंग टाकलं.

एंटर दाबलं की पडदाभर लाल अक्षरं. बहुतेक ओळी आपण जन्मात न उघडलेल्या फायलींच्या; कामाची ओळ अगदी तळाशी. नमपायमध्ये म्हणे ‘फ्लोट’ नावाचं काही नाही. सोबत समजूतही काढलेली: ते पायथनच्याच ‘फ्लोट’चं, म्हणजे दशांश चिन्हाच्या संख्यांचं, टोपणनाव होतं, त्याआधीचं ‘एनपी डॉट’ (एनपी म्हणजे नमपाय) काढा. हे टोपणनाव जाणार अशी दवंडी २०२१ पासून पिटली जात होती, आणि २०२२च्या डिसेंबरात ते गेलंही. पण आलेख निघतोय तोवर इशारे वाचणारा माणूस मला अजून भेटायचाय.

‘एनपी डॉट’ काढलं, तर ‘सीबॉर्न-व्हाइटग्रिड’ ही आलेखाची स्टाइल सापडेना. तिच्या नावात आता मधेच ‘व्ही झीरो अंडरस्कोर एट’ घालायचं. एवढा पाढा म्हणून मिळालं काय, तर तीच पांढरी पार्श्वभूमी आणि त्याच राखाडी रेघा! मग समलंबांनी क्षेत्रफळ काढणारं ‘ट्रॅप्झ’ म्हणालं, यापुढे मला ‘ट्रॅपिझॉइड’ अशा पूर्ण नावाने हाक मारा. तेही मारली. शेवटी आलेखाचे रंग आणून देणारं ‘गेट सीमॅप’ जागेवर नाही.

नवऱ्याला फोन केला. तो कंपनीत दिवसभर हेच करतो.

“अगं, वेगळं एन्व्हायर्नमेंट कर आणि जुनं नमपाय टाक. दोन मिनिटांचं काम.”

नमपायची १.२३ ही आवृत्ती टाकायला घेतली. पायथन ३.१२साठी ते तयार मिळतच नाही, म्हणून मूळ कोडपासून बांधायला निघालं. बांधायला लागतं ‘डिस्टयुटिल्स’, आणि पायथनने ते नेमकं ३.१२मध्येच काढून टाकलेलं.

“मग पायथनही जुना टाक ना,” म्हणाला, आणि मीटिंग आहे म्हणून फोन ठेवला.

एव्हाना लॅबचे मामा कुलूप हातात खुळखुळवत दारात उभे. “होतंय का मॅडम?” असं दर पाच मिनिटांनी विचारायचं, हा त्यांचा हातभार.

‘गेट सीमॅप’ अखेर सापडलं. २०२४मध्ये ते खातं मॅटप्लॉटलिबच्या ‘सीएम’ या भागाकडून काढून घेतलेलं, ‘पीएलटी’ या दुसऱ्या भागाकडे मात्र अजून सुखरूप होतं. खातेवाटप आपल्याला काही नवीन नाही, तरी पंधरा मिनिटं गेलीच.

दुसऱ्या दिवशी वर्गात आलेख झोकात उमटला. जिथे तरंग उडी घेतो तिथे गिब्ज या शास्त्रज्ञाच्या नावाचं ते प्रसिद्ध टोक, उडीच्या साधारण ९ टक्के बाहेर डोकावणारं. पदं वाढवून दाखवली: टोक अरुंद होतं, पण उंची काही हटत नाही. विल्ब्रॅहम या इंग्लिश गणितीने ते गिब्जच्या आधी, १८४८ सालीच टिपलं होतं, हेही सांगितलं. मग विचारलं, “काही शंका?”

पुढच्या बाकावरून हात वर आला.

“मॅडम, जुन्या व्हर्जनमध्ये पण हे असंच यायचं का?”