डस्ट कलेक्टरचा आवाज येतोय म्हणजे तो भुसा ओढतोय असं नाही

अंबडला आम्ही काही जण एकाच गाळ्यात लाकूडकाम करतो. भाडं, लाइट बिल, मशिनं, सगळं सामायिक. रंधा मशीन अडलं की लगेच मिस्त्रीला फोन जातो. डस्ट कलेक्टरची पिशवी मात्र गळ्यापर्यंत भरली तरी तिच्याकडे कुणी बघत नाही. सगळ्यांचं ते कुणाचंच नाही, दुसरं काय!

या यंत्राची खरी अडचण ही की ते कुरकुरत नाही. फिल्टर चोंदला की हवा कमी जाते आणि ब्लोअरवरचा, म्हणजे हवा ओढणाऱ्या पंख्यावरचा, लोडही कमी होतो. मोटर उलट कमी करंट घेते, ट्रिप होत नाही. घरघर चालूच राहते आणि सगळे निर्धास्त राहतात.

म्हणून मी गवंड्यांकडे असते ती लेव्हलची पारदर्शक नळी यू आकारात भिंतीला लावली. आत रंगीत पाणी, एक टोक फिल्टरच्या डब्यात, दुसरं उघडं. फिल्टर स्वच्छ असताना दोन्ही बाजूंच्या पाण्यात जेवढा फरक दिसला, तिथे मार्करने खूण केली. फरक वाढत गेला की फिल्टर चोंदतोय. खुणेपेक्षा कमी झाला तर फिल्टरच्या आधीच्या पाइपमध्ये कुठेतरी ढलप्या अडकल्यात. फिल्टर साफ करताना तो आपटायचा नाही. हवा बेताच्या प्रेशरने आणि स्वच्छ बाजूकडून मारायची, नाहीतर घड्यांचा कागद फाटतो आणि सगळी बारीक धूळ परत गाळ्यात. हे काम बाहेर, मास्क लावूनच.

त्या बारीक धुळीचीच मला काळजी आहे. ढलप्या खाली पडतात, झाडून निघतात. सँडिंगची पूड डोळ्यांना दिसतही नाही, तासन् तास हवेत तरंगते. एमडीएफच्या, म्हणजे लाकडाचे तंतू चिकटवून दाबलेल्या बोर्डाच्या, पुडीत तर फॉर्मल्डिहाइडचं रेझिनही असतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ सालीच लाकडाची धूळ माणसाला कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात घातली. धोका मुख्यतः नाकाच्या आणि सायनसच्या कर्करोगाचा. आम्ही निदान मास्क तरी लावतो. संध्याकाळी झाडायला येणाऱ्या मावशी नाकाला पदर लावून कोरड्या झाडूने तीच पूड पुन्हा उडवतात. हे थांबलंच पाहिजे. त्यांना चांगला मास्क आणि झाडूऐवजी व्हॅक्यूम देणं आपलं काम आहे.

शिवाय आगीची भीती. कंपन्यांच्या जुन्या पॅकिंग पेट्यांचं लाकूड इथे सर्रास वापरतात. एखादा राहिलेला खिळा करवतीला लागला की ठिणगी पाइपातून थेट भुशात, आणि तो रात्रभर धुमसू शकतो. पिशवी रोज रिकामी करून भुसा गाळ्याबाहेर ठेवायचा, त्याला पर्याय नाही.

माझं म्हणणं सरळ आहे: 'ज्याला जमेल त्याने साफ करावं' हे बंद करा. एका हेल्परला दर आठवड्याला या कामाचे वेगळे पैसे द्या, तेही भाड्यासारखे न चुकता. एमडीएफचं सँडिंग करणाऱ्यांनी वर्गणी जास्त द्यावी, कारण फिल्टर सगळ्यात लवकर त्यांच्याच कामाने चोंदतो. काहींना हे आवडणार नाही, तरी येत्या मीटिंगमध्ये हा विषय मी मांडणार आहे.