टेकडीवरच्या वाटा कोणी आखायच्या?

"आत्या, तुमच्याकडे बरं आहे, सायकलवाल्यांना सगळं जंगल मोकळं! इथे टेकडीवर सायकल घेऊन गेलं की लोक अंगावर येतात." पुण्यातला माझा भाचा परवा फोनवर चिडून बोलत होता. त्याचा समज पुष्कळांचा आहे, म्हणून सविस्तर लिहिते. मी सॅन फ्रान्सिस्कोच्या उपसागराकाठी राहते आणि इथल्या डोंगरात सायकल चालवते. इथलं जंगल मोकळं नाही. त्यातही जिथे माउंटन बायकिंगचा जन्म झाला, तिथेच त्यावर सगळ्यात जुनी भांडणं आहेत.

उपसागराच्या उत्तरेला मरीन काउंटी आहे, तिथे माउंट टॅमल्पाईस हा डोंगर, लोकांच्या तोंडी माउंट टॅम. 1976 मध्ये जवळच्या फेअरफॅक्सच्या डोंगरात जो ब्रीझ, गॅरी फिशर, चार्ली केली या मंडळींनी जुन्या, जाड टायरांच्या सायकलींवर उतरणीच्या शर्यती सुरू केल्या. ब्रेक दाबून दाबून मागच्या हबमधलं ग्रीस जळून जायचं आणि खाली पोचल्यावर ते पुन्हा भरावं लागायचं, म्हणून त्या उताराचं नाव पडलं रीपॅक. माउंट टॅमचा मोठा भाग पाणीपुरवठा जिल्ह्याच्या, म्हणजे तिथे पाणी पुरवणाऱ्या सरकारी संस्थेच्या, ताब्यात आहे. तिथल्या तलावांमधून त्यांच्या ग्राहकांना सुमारे तीन चतुर्थांश पाणी मिळतं. तिथे सायकलींना वर्षानुवर्षं परवानगी आहे ती आगीच्या बंबांसाठी केलेल्या रुंद मातीच्या रस्त्यांवर, तीही ताशी 15 मैलांच्या, म्हणजे साधारण 24 किलोमीटरच्या मर्यादेत. अरुंद पाऊलवाटा चालणाऱ्यांच्या आणि घोडेस्वारांच्या. 2024 मध्ये जिल्ह्याच्या मंडळाने मोजक्या पाऊलवाटा प्रयोग म्हणून सायकलींना खुल्या करायचं ठरवलं, तर पर्यावरण संघटना कोर्टात गेल्या.

देशपातळीवरचा नियम आणखी कडक. 1964 च्या वाइल्डरनेस कायद्याने राखीव रानांत यांत्रिक वाहतूक बंद केली. सायकल त्यात बसते की नाही यावर वीस वर्षं घोळ चालला. 1984 मध्ये वनसेवेने नियमातच सायकलचं नाव घालून तो मिटवला.

मला दोन्ही बाजूंचं काही पटतं, काही अजिबात पटत नाही. सायकलमुळे डोंगर धुपतो, हे सरसकट विधान खरं नाही. मोंटानामध्ये 1994 साली झालेल्या एका अभ्यासात पायांनी आणि टापांनी सायकलच्या चाकांपेक्षा जास्त माती मोकळी केली होती. पण सायकलवाले हा अभ्यास ढालीसारखा पुढे करतात, तेव्हा मला राग येतो. प्रश्न फक्त मातीचा नाही. वळणावरून वेगाने, आवाज न करता येणारी सायकल हरणाला बिचकवते आणि सत्तरीतल्या आजोबांनाही. शिवाय त्याच डोंगरातल्या लॅगुनिटास ओढ्यात कोहो सामन मासे अंडी घालायला येतात. वरून गाळ आला की खड्यांमधली अंडी गुदमरतात. त्यांच्या दृष्टीने गाळ चाकाने आणला की बुटाने, सारखंच.

खरा फरक पडतो तो वाट कशी आखली आहे याने. इथे स्वयंसेवकांचे दिवस असतात, मी जाते. वाट कधी सरळ उताराने न्यायची नाही, उताराला आडवी न्यायची. तिची बाहेरची कड किंचित खाली ठेवायची, म्हणजे पाणी वाटेवरून वाहत न जाता ओलांडून निघून जातं. ठरावीक अंतरावर एक उथळ, लांबट खोलगा करायचा. तो इतका सौम्य हवा की सायकलवाल्याला जेमतेम जाणवावा. पावसानंतर माती ओली असेल तर फाटक बंद. ओल्या मातीत चाकाने बोटभर खोल चर पाडला की पुढच्या पावसात त्याची घळ होते.

आता पुण्याकडे या. वेताळ टेकडीवरून जाणाऱ्या बालभारती-पौड फाटा रस्त्याविरुद्ध 2023 मध्ये शेकडो लोक रस्त्यावर उतरले. इतक्या लांबून पाहताना मला त्यांचा अभिमान वाटला. पण त्याच टेकडीवर रोजच्या चालण्या-धावण्याने काय होतं, यावर तेवढ्या पोटतिडकीने कोणी बोलत नाही. पावसाळ्यात मुख्य वाट निसरडी झाली की लोक शेजारच्या गवतातून जातात. दोन महिन्यांत गवत संपतं, मुरूम उघडा पडतो आणि एका वाटेच्या तीन होतात. यात सायकलवाले आहेत, धावणारे आहेत, कुत्री फिरवणारेही आहेत. कोणती वाट अधिकृत, कोणती चोरटी, हे सांगणारा नकाशा नाही. पाटी लावून हे थांबत नाही. बंदी असूनही माउंट टॅमवर रात्री सायकली जातात आणि चोरून वाटाही खणल्या गेल्या आहेत.

म्हणून माझं मत असं की वाटा आधी आखा. चार-पाच पक्क्या करा, त्यांतली एखादी सायकलला द्या, बाकीच्या झुडपं लावून मिटवा. जून ते सप्टेंबर चाकं पूर्ण बंद. आणि सड्यावर, म्हणजे उघड्या कातळाच्या पठारावर, चाक कधीच नको, ना सायकलचं ना जीपचं. कासच्या पठारावर जांभ्यावर जेमतेम वीतभरही माती नाही. सीतेची आसवं, दवबिंदू ही इवली रोपं त्या ओल्या थरावरच जगतात. तिथे वाट चांगली आखली म्हणून भागत नाही.

अमेरिकेची एक गोष्ट मात्र आपण उचलू नये. 1964 च्या त्या कायद्याला रान म्हणजे माणूस जिथे फक्त पाहुणा असतो अशी जागा वाटते. पण माउंट टॅमवर कोस्ट मिवॉक लोक राहत होते. त्यांना आधी हुसकावलं गेलं, आणि आज तिथल्या वाटांवर भांडतात ती मुख्यतः सुट्टीच्या दिवशी येणारी माणसं. सह्याद्रीत तसं नाही. तिथल्या वाटा धनगरांच्या गुरांनी, ठाकर-कातकऱ्यांच्या पायांनी पडलेल्या आहेत. 2006 च्या वनहक्क कायद्याने ग्रामसभेला जंगल राखण्याचा अधिकार दिला आहे आणि गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा गावाने तो चालवून दाखवला आहे. टेकडी पुण्याची असेल तर महापालिका, वनखातं आणि रोज चढणारे लोक मिळून ठरवतील. पण मुळशी-मावळच्या रानात सायकलचा ट्रेल काढायचा तर पहिली बैठक त्या गावात हवी. गाईडचं काम, दुरुस्तीची मजुरी गावाकडे, आणि पाऊस लांबला, गुरं व्यायला आली की वाट बंद करायचा शब्दही गावाचाच.