डाओमध्ये मते मोजून झाल्यावर काय होते?

डाओ, म्हणजे ब्लॉकचेनवर चालणाऱ्या विकेंद्रित स्वायत्त संघटना, यांच्याबद्दल एक मजकूर या ना त्या रूपात सतत फॉरवर्ड होत असतो. त्याचा गाभा असा: डाओला मालक नसतो, टोकन, म्हणजे मताचा हक्क देणारे डिजिटल नाणे, घेतले की तुम्हीही मालक, मतदान चेनवर, म्हणजे ब्लॉकचेनवरच, होते, म्हणून घोळ अशक्य, कोड हाच कायदा, त्यामुळे माणसांवर विसंबायची गरज नाही, उरलेसुरले प्रश्न क्वाड्रॅटिक मतदान (टोकनांच्या वर्गमूळाइतकी मते) आणि फ्युटार्की (बाजारभावावरून निर्णय) आल्यावर सुटले, आणि डाओत कोणीच कायद्याने जबाबदार नसते.

आमचे म्हणणे आधीच सांगून टाकतो. मते कशी मोजता याला लोक फार महत्त्व देतात. ठराव मंजूर झाल्यापासून अमलात येईपर्यंत किती वेळ जातो, त्या वेळात तो कोण थांबवू शकतो आणि न पटलेल्याला आपला वाटा घेऊन बाहेर पडता येते का, हे प्रश्न त्याहून मोठे आहेत.

"टोकन घेतले की तुम्हीही मालक"

सहकारी गृहनिर्माण संस्थेत शेअर कितीही असोत, सभासदाला मत एकच. बहुतेक डाओंत टोकन तितकी मते. ब्लॉकचेनवरचे व्यवहार तपासणाऱ्या चेनॲनालिसिस कंपनीने २०२२ मध्ये दहा मोठ्या डाओंचा हिशेब मांडला, तेव्हा एक टक्क्याहून कमी धारकांच्या हाती ९० टक्के मतशक्ती निघाली.

शिवाय टोकन नुसते वॉलेटमध्ये असून भागत नाही. युनिस्वॅप (टोकन अदलाबदलीची सेवा) किंवा कंपाउंड (कर्ज देण्याघेण्याची सेवा) यांच्या टोकनची मतशक्ती 'डेलिगेट' हा व्यवहार करून कुणाला तरी सोपवावी लागते, निदान स्वतःच्याच पत्त्याला. तोवर ती शून्य. मोजणी होते ती मतदान सुरू होतानाच्या ब्लॉकवरच्या, म्हणजे चेनमधल्या व्यवहारांच्या त्या गठ्ठ्यावरच्या, शिलकीची, म्हणजे मतदान सुरू झाल्यावर धावतपळत घेतलेले टोकन त्या ठरावापुरते कुचकामी. युनिस्वॅपवर ठराव मांडायलाच १० लाख टोकनांची मतशक्ती लागते आणि मंजुरीसाठी बाजूने किमान ४ कोटी.

टोकन एक्स्चेंजवर, म्हणजे क्रिप्टोच्या खरेदी-विक्रीच्या बाजारात, पडून असेल तर मतही एक्स्चेंजच्या हातात. मार्च २०२० मध्ये स्टीम या ब्लॉकचेनवर बायनान्स, हुओबी आणि पोलोनिएक्स या एक्स्चेंजनी ग्राहकांनी ठेवलेली टोकन वापरून मतदान केले आणि चेनचा ताबा एका बाजूकडे गेला. त्याच महिन्यात समुदायाने वेगळी चूल मांडली. तिचे नाव हाइव्ह.

"मतदान चेनवर, म्हणून घोळ अशक्य"

पहिली गोष्ट, बरेचसे मतदान चेनवर होतच नाही. स्नॅपशॉट या साधनावर मत म्हणजे वॉलेटने सही केलेला संदेश. त्याला गॅस, म्हणजे चेनवरच्या व्यवहाराचे शुल्क, लागत नाही, पण निकाल आपोआप अमलातही येत नाही. तो अमलात आणतात मल्टिसिगवर, म्हणजे अनेकांच्या सह्यांनीच चालणाऱ्या वॉलेटवर, सह्या करणारी माणसे. त्यांनी सही केली नाही तर ठराव तिथेच अडकतो.

दुसरी गोष्ट, खरोखर चेनवर झालेले मतदान नियमाप्रमाणे होऊनही तिजोरी रिकामी होऊ शकते. बीनस्टॉक या क्रिप्टो प्रकल्पाचे उदाहरण बारकाईने पाहण्यासारखे आहे. तिथे आणीबाणीसाठी एक फंक्शन होते: ठराव मांडून एक दिवस उलटला आणि दोन-तृतीयांश मते मिळाली की तो लगेच अमलात. हल्लेखोराने ठराव मांडले, त्यातला एक युक्रेनला अडीच लाख डॉलर देणगीचा, आणि दिवस जाऊ दिला. १७ एप्रिल २०२२ रोजी त्याने सुमारे १ अब्ज डॉलरचे फ्लॅश लोन, म्हणजे तारणाशिवाय मिळणारे क्षणिक कर्ज, उचलले, त्यातून बीनस्टॉकला चालणारी तारण-टोकन तयार करून ठेव म्हणून जमा केली, त्याबदल्यात दोन-तृतीयांशाहून जास्त मते मिळवली, आणीबाणीचे फंक्शन चालवले, तिजोरी स्वतःकडे वळवली आणि कर्ज फेडले. कर्जापासून परतफेडीपर्यंत सगळे एकाच व्यवहारात. बीनस्टॉकचे नुकसान सुमारे १८.२ कोटी डॉलर.

चूक दुहेरी होती. मते त्या क्षणीच्या शिलकीवर मोजली जात होती आणि मंजुरी व अंमलबजावणी यांच्यात एका ब्लॉकचेही अंतर नव्हते. फ्लॅश लोन त्याच व्यवहारात परत करावे लागते, त्यामुळे मते आधीच्या ब्लॉकवरून मोजली असती तर हल्लेखोराची मते शून्य भरली असती. नवल म्हणजे ऑक्टोबर २०२० मध्येच मेकरडाओ या दुसऱ्या डाओवर फ्लॅश लोनच्या टोकनांनी मतदान होऊन गेले होते. धोका सगळ्यांना ठाऊक होता.

टॉर्नेडो कॅश या व्यवहारांचा माग लपवणाऱ्या सेवेवर मे २०२३ मध्ये वेगळीच युक्ती झाली. ठरावाच्या वर्णनात लिहिले होते की यातला कोड आधी मंजूर झालेल्या एका ठरावासारखाच आहे. तसा तो होताही, फक्त एक फंक्शन जास्त होते: कॉन्ट्रॅक्टने, म्हणजे चेनवर बसवलेल्या प्रोग्रॅमने, स्वतःला नष्ट करण्याचे. मतदारांनी वर्णन वाचून मत दिले. मंजुरीनंतर हल्लेखोराने ते कॉन्ट्रॅक्ट नष्ट केले, त्याच पत्त्यावर दुसरा कोड बसवला आणि स्वतःच्या पत्त्यांना १२ लाख मते वाटली. खरी मते होती ७ लाखांच्या आसपास. इथेरियम या ब्लॉकचेनच्या मार्च २०२४ च्या डेंकुन अपग्रेडनंतर जुने कॉन्ट्रॅक्ट असे पुसता येत नाही, त्यामुळे नेमकी ही युक्ती तिथे आता चालणार नाही. पण ठरावात प्रॉक्सी कॉन्ट्रॅक्ट, म्हणजे काम दुसऱ्या कॉन्ट्रॅक्टकडे सोपवणारे, असेल तर आतला कोड अजूनही बदलू शकतो. म्हणून वर्णनावर मत देऊ नये. ठरावातले कॉल कोणत्या पत्त्यावर, कोणत्या फंक्शनला आणि किती रकमेचे आहेत ते उलगडून पाहावे, टेस्ट फोर्कवर, म्हणजे चेनच्या चाचणीसाठीच्या नकलेवर, चालवून बघावे आणि मंजुरीनंतर कोडचा हॅश, म्हणजे त्याचा डिजिटल ठसा, तोच आहे ना, हे तपासावे.

"कोड हाच कायदा"

२०१६ मध्ये 'द डाओ' या सुरुवातीच्या डाओतून ३६ लाख इथर (इथेरियमचे नाणे) हल्लेखोराकडे गेले, तेव्हा २० जुलैला इथेरियमनेच हार्ड फोर्क करून, म्हणजे चेनचे नियमच बदलून, ते परत फिरवले. कोडच्या वर माणसांचा निर्णय असतो, हे तिथेच दिसले.

कंपाउंडचा अनुभव जास्त शिकवणारा आहे. सप्टेंबर २०२१ मध्ये ६२ क्रमांकाच्या ठरावाने नवा कोड बसवला. त्यात तुलनेच्या चिन्हाची चूक होती आणि काही खात्यांना हक्कापेक्षा कितीतरी जास्त कॉम्प, म्हणजे कंपाउंडचे टोकन, मिळू लागले. चूक लगेच सापडली, पण दुरुस्तीलाही ठराव, मतदान आणि टाइमलॉक (मंजुरीनंतर अंमलबजावणीआधी सक्तीने थांबण्याचा काळ) हाच रस्ता, म्हणजे साधारण सात दिवस. दरम्यान कुणीतरी सगळ्यांना खुले असलेले एक फंक्शन चालवून आणखी दोन लाखांवर टोकन त्या गळक्या कॉन्ट्रॅक्टमध्ये ओतली. टाइमलॉक चोराला अडवतो तसा डॉक्टरलाही अडवतो. म्हणून त्याच्या जोडीला अतिशय आखीव अधिकारांचा गार्डियन हवा: थांबवू शकेल, रद्द करू शकेल, पण एक पैसाही हलवू शकणार नाही असा.

"क्वाड्रॅटिक आणि फ्युटार्कीने प्रश्न सुटला"

क्वाड्रॅटिकचे गणित कागदावर करून बघा. १०,००० टोकनांचे वर्गमूळ १००, म्हणजे १०० मते. तीच टोकन १०० वॉलेटमध्ये शंभर-शंभर वाटली की प्रत्येकाची १० मते, एकूण १,०००. नवे वॉलेट काढायला काहीच लागत नाही. एका वॉलेटमागे एकच माणूस आहे हे सिद्ध होत नाही तोवर ही पद्धत मोठ्या धारकाला उलट मदतच करते.

फ्युटार्की, म्हणजे बाजाराकडून निर्णय, ही अर्थशास्त्रज्ञ रॉबिन हॅन्सन यांची जुनी कल्पना. सोलाना या ब्लॉकचेनवरचा मेटाडाओ २०२३ पासून ती प्रत्यक्षात वापरतो. 'ठराव मंजूर झाला तर' आणि 'नामंजूर झाला तर' असे टोकनचे दोन सशर्त बाजार उघडतात. ठरलेल्या दिवसांच्या सरासरी भावात मंजुरीचा भाव ठरावीक टक्क्यांनी वर राहिला तर ठराव मंजूर. ज्या ठरावाचा परिणाम टोकनच्या भावात दिसू शकतो, तिथे हे शोभते. अनुदान कुणाला द्यावे, आचारसंहिता काय असावी, असल्या प्रश्नांना भाव काय उत्तर देणार? उलाढाल तुटपुंजी असली की सरासरी भाव ढकलायलाही फार पैसे लागत नाहीत.

मग नवे आणि उपयोगी काय?

जुलै २०२४ मध्ये कंपाउंडच्या २८९ क्रमांकाच्या ठरावाने ४,९९,००० कॉम्प, तेव्हाचे सुमारे २.४ कोटी डॉलर, एका मोठ्या धारकाच्या गटाने बनवलेल्या तिजोरीत न्यायचे ठरवले. ६,८२,१९१ विरुद्ध ६,३३,६३६ असा तो मंजूर झाला. फ्लॅश लोन नाही, हॅक नाही, टोकन रीतसर जमवलेली. टाइमलॉकचे दोन दिवस हातात होते म्हणून वाटाघाटी झाल्या आणि ठराव रद्द झाला. मोजणी कितीही काटेकोर असती तरी निकाल तोच लागला असता.

ईएनएस या इथेरियमवरच्या नावांच्या सेवेने त्याच वर्षी आठ जणांची सुरक्षा समिती नेमली. चार सह्यांनी मंजूर ठराव रद्द करण्याचा अधिकार तिला दिला, बाकी काही नाही, आणि या अधिकाराला दोन वर्षांची मुदत घातली. मुदत आम्हाला सर्वात आवडलेली गोष्ट. आणीबाणीचे अधिकार कायमचे होऊन बसतात, ते इथे आपोआप संपतात.

लोकांचे इथर ठेव म्हणून घेणाऱ्या लिडोची २०२५ मध्ये सुरू झालेली दुहेरी व्यवस्था याच्या पुढची. लिडोत मत एलडीओ या मतदानाच्या टोकनच्या धारकांना, पण इथर अडकलेले असते ते स्टइथ, म्हणजे ठेवलेल्या इथरच्या पावतीवजा टोकनच्या, धारकांचे. आता न पटलेले स्टइथ धारक आपली टोकन एस्क्रोमध्ये, म्हणजे कुलूपबंद खात्यात, ठेवतात. ती एकूण ठेवीच्या १ टक्क्यावर गेली की टाइमलॉक लांबतो, जितकी टोकन वाढतील तितका, ५ पासून ४५ दिवसांपर्यंत. १० टक्क्यांवर गेली की जाणाऱ्यांचे इथर बाहेर पडेपर्यंत ठराव अमलातच येत नाही.

बाहेर पडण्याच्या हक्काची मूळ कल्पना २०१९ च्या मोलॉकडाओची. त्याला किंमतही आहे. नाउन्सडाओने २० टक्के सदस्य जमले तर फुटून वेगळे होण्याची सोय केली आणि सप्टेंबर २०२३ मध्ये निम्म्याहून जास्त नाउन्स (तिथल्या सदस्यत्वाची टोकन) सुमारे २.७ कोटी डॉलर घेऊन निघून गेले. त्यातले बरेच जण केवळ सौदेबाज होते: नाउनचा बाजारभाव तिजोरीतल्या वाट्यापेक्षा कमी, म्हणून घ्या आणि बाहेर पडा. बाहेर पडण्याची सोय ठेवायची तर नव्याने आलेल्या टोकनला काही काळ थांबवावे, हे त्यातून उघड झाले.

"कोणीच जबाबदार नसते"

ऊकी डाओने हे करून पाहिले. अमेरिकेच्या सीएफटीसी या वायदेबाजार नियामकाने खटल्याची नोटीस वेबसाइटवरच्या मदतीच्या चॅटबॉक्समध्ये आणि चर्चेच्या पानावर टाकली. बाजू मांडायला कोणी आले नाही, तेव्हा जून २०२३ मध्ये एकतर्फी निकाल लागून ६,४३,५४२ डॉलर दंड झाला. डाओला कायद्याने संघटना धरले गेले. अमेरिकेतल्या वायोमिंग राज्याने १ जुलै २०२४ पासून किमान १०० सदस्यांच्या विकेंद्रित ना-नफा संघटनेसाठी वेगळा कायदा लागू केला, आणि युनिस्वॅपने २०२५ मध्ये मतदान करून तोच साचा स्वीकारला. भारतात डाओसाठी असा स्वतंत्र कायदा नाही.